डेरीचे तीन प्रभाग : नकाशाच्या आधी मतपत्रिका बदलली गेली

१/ उत्तर आयर्लंडचा संघर्ष म्हणजे कॅथलिक आणि प्रॉटेस्टंट यांचे चारशे वर्षांचे धर्मयुद्ध, असे एक सुटसुटीत वाक्य समाजमाध्यमांवर सतत फिरत असते. हे वाक्य सोयीचे आहे, म्हणूनच ते टिकून आहे. प्राचीन द्वेषाला कोणी कर्ता नसतो, त्यामुळे जाबही कोणाला विचारावा लागत नाही. डेरी शहराच्या महापालिकेचा इतिहास मात्र कर्ता, तारीख आणि कायद्याचे नाव या तिन्ही गोष्टी सांगतो. हा धागा त्या इतिहासाचा.

२/ सुरुवात स्लायगो या लहानशा बंदराच्या गावापासून करावी लागेल. तेथील नगरपालिका कर्जात बुडाली होती. करदात्यांच्या संघटनेने लंडनच्या संसदेकडून एक खास कायदा मिळवला आणि १५ जानेवारी १९१९ रोजी तेथे प्रमाणशीर प्रतिनिधित्वाने निवडणूक झाली. आयर्लंडमधील ही अशा प्रकारची पहिली स्थानिक निवडणूक. २४ जागांच्या सभागृहात करदात्यांची संघटना पहिली आली, शिन फेन तिच्या पाठोपाठ. बहुमत कोणालाच मिळाले नाही.

३/ पद्धत होती एकल संक्रमणीय मताची. एका प्रभागातून अनेक सदस्य निवडायचे, पण मतदाराला मत एकच. तो उमेदवारांच्या नावांपुढे १, २, ३ असा पसंतीक्रम लिहितो. निवडून येण्यासाठी ठरावीक मतांचा कोटा लागतो. चार जागा आणि १००० वैध मते असतील, तर कोटा २०१. कोट्यापेक्षा जास्त पडलेली मते आणि बाद झालेल्या उमेदवाराची मते पुढच्या पसंतीकडे जातात. त्यामुळे फार थोडी मते वाया जातात.

४/ स्लायगोचा प्रयोग लंडनला इतका आवडला की १९१९ च्या कायद्याने तो संपूर्ण आयर्लंडला लागू केला. यामागे औदार्य नव्हते. डिसेंबर १९१८ च्या निवडणुकीत शिन फेनने आयर्लंडमधील १०५ पैकी ७३ जागा जिंकल्या होत्या. हा झंझावात स्थानिक संस्थांत तरी रोखावा, दक्षिणेतील अल्पसंख्य युनियनिस्टांना संरक्षण मिळावे, हा हिशेब होता. मात्र जे सूत्र एका अल्पसंख्याकाला वाचवते, ते दुसऱ्यालाही वाचवते. हे हिशेब करणाऱ्यांच्या फारसे ध्यानात आले नाही.

५/ जानेवारी १९२० मध्ये नगरपालिकांच्या निवडणुका झाल्या. डेरी (अधिकृत नाव लंडनडेरी; नावावरचा वाददेखील याच इतिहासाचा भाग) हे युनियनिस्टांच्या लेखी पवित्र शहर. १६८९ च्या वेढ्यात त्याने दुसऱ्या जेम्ससमोर दरवाजे उघडले नव्हते. त्या शहरात ४० पैकी २१ जागा राष्ट्रवादी आणि शिन फेन यांना मिळाल्या, १९ युनियनिस्टांना. ह्यू ओ'डोहर्टी हे कॅथलिक गृहस्थ महापौर झाले. शहरात कॅथलिकांची बहुसंख्या होतीच. सभागृहात ती प्रथमच दिसली.

६/ त्याच वर्षीच्या जिल्हा निवडणुकांत टिरोन आणि फरमॅना या परिषदाही राष्ट्रवाद्यांकडे गेल्या. १९२१ मध्ये आयर्लंडची फाळणी झाली. सहा जिल्ह्यांचे उत्तर आयर्लंड निर्माण झाले आणि बेलफास्टमध्ये जेम्स क्रेग यांचे युनियनिस्ट सरकार आले. या परिषदांनी नव्या सरकारऐवजी डब्लिनच्या डॉइलशी निष्ठा जाहीर केली. सरकारने त्या बरखास्त केल्या. हा पेच खरा होता आणि तो नाकारण्याचे कारण नाही.

७/ पण उपाय काय योजला गेला, ते पाहावे. बरखास्तीचा अधिकार सरकारपाशी होताच आणि तो वापरूनही झाला होता. तरीही १९२२ मध्ये स्थानिक निवडणुकांतून प्रमाणशीर पद्धतच रद्द करणारे विधेयक आले. डब्लिनमधून मायकल कॉलिन्स यांनी तीव्र आक्षेप घेतला. लंडनने राजसंमती काही आठवडे रोखून धरली. क्रेग सरकारने राजीनाम्याची धमकी दिली, लंडन नमले आणि सप्टेंबर १९२२ मध्ये कायदा झाला. कॉलिन्स त्याआधीच, ऑगस्टमध्ये, यादवी युद्धात मारले गेले होते.

८/ पद्धत खर्चिक आहे, किचकट आहे, असे तिच्याविरुद्ध सांगितले गेले. हा युक्तिवाद जगात जेथे जेथे ही पद्धत मोडीत निघाली, तेथे तेथे ऐकू येतो. मात्र डेरीच्या मतदाराने १९२० मध्ये तीच किचकट मतपत्रिका भरून सभागृह निवडले होते. पद्धत मतदाराला समजली नव्हती म्हणून ती रद्द झाली नाही. तिचा निकाल सत्तेला नीट समजला होता, म्हणून रद्द झाली.

९/ त्यानंतर प्रभागांच्या सीमा नव्याने आखल्या गेल्या आणि डेरी पुन्हा युनियनिस्टांच्या हाती आली. लोकसंख्येचा तोल जसजसा ढळत गेला, तसा नकाशाही बदलला. १९३६ च्या फेररचनेत शहराचे तीन प्रभाग झाले : दक्षिण, उत्तर आणि वॉटरसाइड. जागा अनुक्रमे ८, ८ आणि ४. पुढची तीन दशके सभागृहातील बलाबल १२ विरुद्ध ८ असे जवळजवळ कोरलेले राहिले.

१०/ या रचनेचे आकडे ब्रिटिश न्यायाधीश लॉर्ड कॅमेरॉन यांच्या आयोगाने १९६९ च्या अहवालात छापले. १९६७ ची मतदार यादी अशी :
दक्षिण : कॅथलिक १०,०४७, इतर १,१३८, जागा ८
उत्तर : कॅथलिक २,५३०, इतर ३,९४६, जागा ८
वॉटरसाइड : कॅथलिक १,८५२, इतर ३,६९७, जागा ४
एकूण : कॅथलिक १४,४२९, इतर ८,७८१.

११/ म्हणजे सुमारे ६२ टक्के मतदारांना २० पैकी ८ जागा आणि ३८ टक्क्यांना १२. शहरातील कॅथलिकांचा मोठा भाग एका प्रभागात कोंबला गेला, जेथे त्यांची हजारो मते गरजेपेक्षा जास्त होती. उरलेले दोन प्रभागांत असे विभागले गेले की त्यांची ४,३८२ मते शून्य जागा मिळवत. दक्षिण प्रभागातील १,१३८ इतर मतदारांनाही शून्यच. धर्म आणि पक्ष तंतोतंत एक नसतात, हे मान्य. तरी तेथील निकाल याच रेषेने लागत.

१२/ येथे बहुतेक लेखक थांबतात आणि दोष नकाशावर टाकतात. हे अर्धेच निदान आहे. तोच नकाशा, तीच मतदार यादी ठेवून फक्त मोजणी १९२० च्या पद्धतीने केली, तर काय होते? आठ जागांच्या प्रभागात कोटा सुमारे ११ टक्के. चार जागांच्या प्रभागात २० टक्के. सर्वांनी मतदान केले आणि पसंती आपापल्या गटातच राहिली, असे धरून चालू.

१३/ दक्षिणेत राष्ट्रवाद्यांचे सुमारे ९० टक्के, म्हणजे ८ जागा. उत्तरेत ३९ टक्के, म्हणजे किमान ३ जागा. वॉटरसाइडमध्ये ३३ टक्के, म्हणजे किमान १. बेरीज किमान १२. विषमतेसाठी मुद्दाम आखलेल्या त्याच वाकड्या सीमांमधून सभागृहाचे बहुमत उलटते. सीमांची कारागिरी तेव्हाच फळते, जेव्हा प्रभागात आघाडी घेणारा सगळ्या जागा घेऊन जातो. म्हणूनच १९२२ मध्ये नकाशाला हात लावण्याआधी मतपत्रिका बदलावी लागली.

१४/ या सभागृहाच्या हाती काय होते? घरे. महापालिका घरे बांधी आणि वाटी. स्थानिक निवडणुकीत मताचा अधिकार घरधारक आणि त्याच्या जोडीदाराला होता. आईवडिलांकडे राहणाऱ्या प्रौढ मुलाला किंवा पोटभाडेकरूला तो नव्हता. कंपन्यांना मात्र सहा मतांपर्यंत नेमणूक करता येई. ब्रिटनने स्थानिक मताधिकारावरील असे निर्बंध दुसऱ्या महायुद्धानंतर काढून टाकले. उत्तर आयर्लंडने ते सांभाळून ठेवले.

१५/ याचा परिणाम सरळ होता. कॅथलिक कुटुंबाला उत्तर प्रभागात घर देणे म्हणजे तेथे दोन विरोधी मते देणे. म्हणून घरे दक्षिण प्रभागातच दिली जात. ती जागा भरली, तेव्हा शहराची हद्द वाढवण्यापेक्षा बांधकाम रोडावले. एका खोलीत संसार करणाऱ्या कुटुंबांची प्रतीक्षा यादी लांबत गेली. ज्याला हे ‘धर्मयुद्ध’ वाटते, त्याने त्या यादीतल्या माणसाचे गाऱ्हाणे ऐकावे. तो ईश्वरशास्त्राबद्दल बोलत नव्हता, छपराबद्दल बोलत होता.

१६/ ५ ऑक्टोबर १९६८ रोजी डेरीच्या ड्यूक स्ट्रीटवर नागरी हक्कांचा मोर्चा निघाला. मागण्या घरांच्या न्याय्य वाटपाच्या आणि ‘एक माणूस, एक मत’ या तत्त्वाच्या. पोलिसांच्या लाठ्या दूरचित्रवाणीवर जगाने पाहिल्या. पुढच्या महिन्यातच सरकारने डेरी महापालिका गुंडाळून तिच्या जागी नेमलेला विकास आयोग आणण्याची घोषणा केली. जी रचना तीस वर्षे न्याय्य म्हणून सांगितली गेली, तिचे समर्थन काही आठवडेही टिकले नाही.

१७/ याच ऑक्टोबरमध्ये दक्षिणेत आणखी एक घटना घडली. आयर्लंड प्रजासत्ताकातील सत्ताधारी फिआना फॉइल पक्षाने संसदेसाठीची प्रमाणशीर पद्धत रद्द करण्याचा प्रस्ताव सार्वमताला टाकला. १९५९ मध्ये तो एकदा फेटाळला गेला होता. १६ ऑक्टोबर १९६८ रोजी, म्हणजे डेरीच्या मोर्चानंतर अकराव्या दिवशी, मतदारांनी तो अधिक मोठ्या फरकाने पुन्हा फेटाळला. सत्ताधारी राष्ट्रवादी असो वा युनियनिस्ट, मोह एकच. फरक इतकाच की दक्षिणेत लोकांना विचारावे लागले; उत्तरेत १९२२ मध्ये कोणी विचारले नाही.

१८/ १९७३ मध्ये उत्तर आयर्लंडच्या स्थानिक निवडणुकांत एकल संक्रमणीय मत परत आले. डेरीत राष्ट्रवादी बहुमत आले आणि महापौरपद पक्षांमध्ये आळीपाळीने फिरू लागले. युनियनिस्ट महापौरही झाले. पद्धतीने हिंसा थांबवली, असा दावा करणे खोटे ठरेल. पुढची पंचवीस वर्षे रक्त सांडतच राहिले. पन्नास वर्षे साचलेला अविश्वास एका मतपत्रिकेने धुऊन निघत नाही. परंतु १९९८ च्या करारानंतरची विधानसभाही याच पद्धतीने निवडली गेली, हे विसरता येत नाही.

१९/ महाराष्ट्रातील वाचकाला हे सारे परके वाटण्याचे कारण नाही. राज्यसभेचे सदस्य आणि विधानपरिषदेवर आमदारांनी निवडलेले सदस्य याच पसंतीक्रमाने येतात. महापालिकांच्या स्थायी समितीत पक्षांना तौलनिक संख्याबळानुसार जागा मिळतात. सभागृहात शिरल्यावर जे तत्त्व न्याय्य ठरते, तेच सभागृहाच्या दारावर अव्यवहार्य कसे ठरते, याचे उत्तर कोणी देत नाही.

२०/ संविधान सभेत ४ जानेवारी १९४९ रोजी काझी सय्यद करीमुद्दीन यांनी लोकसभेसाठी ही पद्धत सुचवली होती. डॉ. आंबेडकरांनी ती नाकारली. त्यांची कारणे दोन : मोठ्या प्रमाणावरील निरक्षरता आणि स्थिर सरकारची गरज. दोन्ही कारणे त्या काळी भक्कम होती. परंतु महापालिका मंत्रिमंडळ बनवत नाही आणि साक्षरता १९४९ मध्ये गोठलेली नाही. आंबेडकरांचे नाव घेऊन प्रश्न मिटवणाऱ्यांनी निदान त्यांची कारणे तरी वाचावीत.

२१/ पुण्यासारख्या शहरांत चार सदस्यांचे प्रभाग आहेत. अ, ब, क, ड अशा प्रत्येक जागेची लढत वेगळी आणि मतदाराला चार मते. चारही जागांवर थोडीशी आघाडी असलेला पक्ष चारही जागा नेऊ शकतो. ४० टक्क्यांच्या गटाला काहीच उरत नाही. नेहमी असे घडत नाही, पण पद्धत ते होऊ देते. डेरीच्या उत्तर प्रभागाचे सूत्र याहून फार वेगळे नव्हते. स्कॉटलंडने २००७ मध्ये तीन-चार सदस्यांच्या प्रभागांतच एकल संक्रमणीय मत लागू केले.

२२/ महिला, अनुसूचित जाती-जमाती आणि इतर मागासवर्गाच्या राखीव जागा मोजणीच्या नियमांत बसवाव्या लागतील, हा आक्षेप योग्य आहे. ते काम कष्टाचे आहे, अशक्य नाही. मात्र प्रत्येक निवडणुकीपूर्वी वाद होतो तो फक्त सीमांचा : कोणती वस्ती कोठे गेली, कोणता नाला सीमा झाला. मोजणीच्या पद्धतीबद्दल कोणी ब्र काढत नाही. डेरीतही पन्नास वर्षे लोक नकाशाकडेच पाहत राहिले.

२३/ म्हणून पुढच्या वेळी ‘चारशे वर्षांचे धर्मयुद्ध’ हे शब्द कोणी लिहिले, तर त्याला दोन साध्या गोष्टी विचाराव्यात : १९२२ चा कायदा कोणता, आणि उत्तर प्रभागात २,५३० मतदारांना किती जागा मिळाल्या? उत्तर येईपर्यंत थांबावे. न आल्यास कॅमेरॉन अहवालाचे ते तीन आकडे पुढे ठेवावेत.