ताल आमच्या रक्तात नाही

"तुमच्या लोकांच्या तर ताल रक्तातच असतो!"

तीनेक वर्षांपूर्वी एका संगीत क्लासच्या चालकांनी मला हे ऐकवलं. सुप्याहून एसटीने शहरात गेलो होतो, बेस गिटार शिकवता का एवढंच विचारायला. त्यांनी आधी नाव विचारलं, मग आडनाव, मग गाव, मग गावात राहायला नेमकं कुठे. हा प्रश्नांचा क्रम ज्यांच्या वाट्याला आलाय त्यांना पुढचं सांगायची गरज नाही. शेवटी हे कौतुक आणि सोबत सल्ला: "स्केल, मोड, थिअरी यांच्या मागे कशाला लागता? तुम्ही ऐकून वाजवता तेच छान असतं. ढोलकी धरा."

सांगायला लाज वाटते, पण त्या क्षणी मी सुखावलो होतो. परतीच्या एसटीत खिडकीला डोकं टेकवल्यावर कळलं की आपल्याला गोड बोलून दारातून परत पाठवलंय. ताल आमच्या रक्तात असेल तर शास्त्रही कुणाच्या तरी रक्तात असणार, आणि ते कुणाच्या, हे त्या माणसाला सांगावंसुद्धा लागलं नाही. बाबासाहेबांनी १९३६ मध्ये 'अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट'मध्ये दाखवून दिलं की जात ही नुसती श्रमाची नव्हे, श्रमिकांची विभागणी आहे, आणि ती माणसाची कुवत बघून होत नाही, जन्म बघून होते. 'रक्तात ताल' हे त्याच विभागणीचं हसऱ्या चेहऱ्याचं रूप आहे.

आपल्या गावगाड्यात ही विभागणी उघड दिसायची. मेलेल्या जनावराचं कातडं सोलणारे, ते कमावणारे, हलगी-संबळ मढवणारे आणि वाजवणारे गावकुसाबाहेरचे किंवा तळाच्या जातींतले. वाजंत्री लग्नाच्या मांडवाबाहेर. ग्रंथ, व्याकरण, परीक्षा आणि पदव्या मात्र दुसऱ्या आळीत. विष्णु नारायण भातखंडे (१८६०-१९३६) यांनी हिंदुस्थानी रागांची दहा थाटांत मांडणी केली, घराण्यांच्या बंदिशी मिळवून 'क्रमिक पुस्तक मालिका' छापली. घराण्यात कोंडलेली विद्या छापली गेली, हे काम मोठंच होतं आणि ते नाकारण्यात अर्थ नाही. पण ते पुस्तक उघडून शिकवणारा क्लास आमच्या वस्तीत कधी आला नाही. एम.ए.ला बोर्दिउ वाचताना 'सांस्कृतिक भांडवल' या संकल्पनेवर मी पंधरा मार्कांचं उत्तर लिहिलं होतं. ती खरी समजली त्या एसटीत.

मग मोबाईलवर शिकायला सुरुवात केली.

पुण्यातल्या एका कॉलेजच्या पोराकडून जुना बेस घेतला. चार तारा, जाडीकडून ई, ए, डी, जी. पाचव्या पडद्यावर दाबलेली तार पुढच्या मोकळ्या तारेसारखी वाजते, त्यावरून सूर जुळवायचे, हा पहिला धडा. दुसरा धडा कुणी शिकवला नाही, माझा मलाच कळला. दोन आठवडे मी व्हिडिओ बघत होतो आणि शिक्षक वाजवतोय ते मला ऐकूच येत नव्हतं. वाटलं, कान खराब आहेत. बेसची सगळ्यात जाड तार सेकंदाला सुमारे ४१ कंपनांवर वाजते आणि मोबाईलच्या चिमुकल्या स्पीकरला तो खर्ज काढताच येत नाही. साधा इअरफोन लावला आणि गाण्याखाली आख्खं एक मजलं सापडलं. शिकणाऱ्यांनी पहिल्या दिवसापासून इअरफोन वापरावा, माझे दोन आठवडे वाया गेले तसे घालवू नयेत.

आता स्केल आणि मोड. इंग्रजी नावं ऐकून घाबरायला होतं, म्हणून पेटीवर सांगतो. पांढरी एकपासून पुढच्या सप्तकातल्या पांढरी एकपर्यंत फक्त पांढऱ्या पट्ट्या वाजवा. हे मेजर स्केल, म्हणजे बिलावल थाट. बेसवर त्याची अंतरं पडद्यांत मोजायची: दोन, दोन, एक, दोन, दोन, दोन, एक. आता पट्ट्या त्याच ठेवा, पण पांढरी दोनवर सुरू करून पांढरी दोनवर संपवा. हा डोरियन मोड, आपला काफी. पांढरी तीनपासून फ्रिजियन, म्हणजे भैरवी. चारपासून लिडियन, म्हणजे कल्याण. पाचपासून मिक्सोलिडियन, खमाज. सहापासून एओलियन, आसावरी. सातपासून लोक्रियन येतो, त्यात पंचम जागेवर नसतो, म्हणून त्याला दहा थाटांत जागा नाही. दहातले बाकीचे चार थाट, भैरव, पूर्वी, मारवा आणि तोडी, या पांढऱ्या पट्ट्यांच्या हिशेबात बसत नाहीत. नावं ग्रीक आणि संस्कृत, गणित एकच. ज्याला बारापर्यंत मोजता येतं त्याला हे येतं.

पट्ट्या त्याच असताना मोड बदलतो कसा, या प्रश्नावर मी महिनाभर अडलो होतो. उत्तर असं की घर बदलतं. कोणत्या सुराला 'सा' मानायचं, कुठे येऊन थांबल्यावर पोचल्यासारखं वाटतं, त्यावर सगळं ठरतं. आणि बँडमध्ये हे घर बहुतेक वेळा बेसवालाच दाखवतो. वरच्या माणसाने तेच सूर वाजवत राहावं, खाली बेसने पांढरी एक धरली तर बिलावल, पांढरी दोन धरली तर काफी. लोक बघतात गायकाकडे, आणि खालचा माणूस एक बोट सरकवून आख्ख्या गाण्याचा रंग बदलून टाकतो.

आमच्या इथला एक पोरगा आहे. सुपा एमआयडीसीत ठेकेदाराकडे कामाला, लग्नसराईत बेंजो पार्टीत वाजवतो. नोटेशन कधी पाहिलेलं नाही, पण एकदा ऐकलेली चाल सोडत नाही. एका संध्याकाळी मी डोरियनचा सराव करत होतो. तो उंबऱ्यात उभा राहून म्हणाला, "दादा, ही तर आपल्या गाण्यांची चाल." मग त्याने एकामागून एक चाली वाजवून दाखवल्या, भीमगीतं, लग्नातली गाणी, एक जुनी कव्वाली. सगळ्या काफीतल्या. इतक्या चाली त्याच्या बोटांत होत्या आणि त्या एका घरातल्या भावंडं आहेत हे त्याला आजवर कुणी सांगितलं नव्हतं. त्याचं तोंड बघण्यासारखं झालं. आधी आनंद, मग राग. म्हणाला, "हे एवढंच होतं?"

त्याचा राग मला महत्त्वाचा वाटतो. ऐकून वाजवणारा जे आहे ते वाजवू शकतो. ते का चांगलं वाटतं हे कळलं की तो नवीन रचू शकतो, दुसऱ्याला शिकवू शकतो, आणि "तुमचं आपलं लोकसंगीत" म्हणणाऱ्याला पाच मिनिटांत गप्प करू शकतो.

हा अनुभव आपल्या एकट्याचा नाही. अमेरिकेतल्या काळ्या माणसांनाही 'नॅचरल रिदम' नावाचं हेच विष पाजलं गेलं. जेम्स जेमर्सनचं नाव आपल्यातल्या फार थोड्यांनी ऐकलं असेल. १९३६ मध्ये साऊथ कॅरोलायनात जन्मलेला, डेट्रॉइटच्या शाळेत उभा डबल बेस शिकलेला माणूस. साठच्या दशकात मोटाऊन कंपनीच्या असंख्य गाजलेल्या गाण्यांखाली त्याचाच बेस आहे, तोही उजव्या हाताच्या एकाच बोटाने वाजवलेला. रेकॉर्डवर मात्र वर्षानुवर्षं त्याचं नाव छापलं जात नव्हतं. ते आलं १९७१ मध्ये, मार्विन गेच्या 'व्हॉट्स गोइंग ऑन'वर. सांगा, हे रक्त की शाळा, सराव आणि दाबून ठेवलेलं श्रेय?

दुसरा माणूस जॉर्ज रसेल. ड्रमर. क्षयाने दवाखान्यात महिनोन्महिने पडून असताना त्याने स्केलचा विचार केला आणि १९५३ मध्ये लिडियन मोड पायाशी धरून एक आख्खा संगीतसिद्धांत पुस्तकरूपाने मांडला. गोऱ्यांनी शास्त्र करायचं आणि काळ्यांनी वाजवायचं, ही वाटणीच त्याने मोडली. माइल्स डेव्हिसच्या १९५९ च्या 'काइंड ऑफ ब्लू'मागे या मोडच्या विचाराचा मोठा वाटा आहे. त्या रेकॉर्डवरचं पहिलं गाणं, 'सो व्हॉट', जरूर ऐका, इअरफोन लावून. त्याची मुख्य चाल बेस वाजवतो, पॉल चेंबर्स. सोळा मात्रांचं नव्हे, सोळा बारचं डोरियन पांढरी दोनवर, मग आठ बार अर्धा सूर वर काळी दोनवर, मग पुन्हा आठ बार घरी. बेंजोवाल्या पोराने ते ऐकलं आणि म्हणाला, "हे लोक काफी वाजवतायत की!" १९७२ मध्ये पँथरने नाव तिकडून घेतलं होतं. सूरही घ्यायला हरकत नसावी.

आता चळवळीतल्या मित्रांचे आक्षेप. एका ज्येष्ठ कार्यकर्त्याने मला तोंडावर विचारलं, "खैरलांजीपासून आजपर्यंत काय काय घडतंय, तू गिटार कसली वाजवतोस?" प्रश्न कडू आहे, पण बरोबर आहे, म्हणून उत्तर देतो. भीमराव कर्डकांचा जलसा हा फावल्या वेळचा छंद नव्हता, तो प्रचाराचा गाभा होता. वामनदादा कर्डकांना लिहायला-वाचायला प्रौढपणी शिकावं लागलं आणि त्यानंतर त्यांनी गाण्यांनी गावंच्या गावं जागी केली. विलास घोगरे १९९७ मध्ये रमाबाईनगरच्या गोळीबारानंतर जगू शकले नाहीत, इतकं त्यांचं गाणं आणि जगणं एकमेकांत मिसळलेलं होतं. आपली चळवळ गाण्यावर चाललेली आहे. मग गाण्याच्या हत्यारांची धार बघायला नको?

दुसरा आक्षेप: हे वाद्य पाश्चात्त्य. पेटी कुठली आहे? तीही युरोपातून आली. १९४० मध्ये आकाशवाणीने तिच्यावर बंदी घातली, ती सैल व्हायला १९७१ उजाडलं, आणि या सगळ्या काळात आपल्या कव्वालांनी आणि गायकांनी ती वाजवणं थांबवलं नाही. 'शुद्ध परंपरा' ही काळजी ज्यांना परवडते त्यांनी करावी. पा. रंजित यांच्या पुढाकारातून उभ्या राहिलेल्या 'द कास्टलेस कलेक्टिव्ह'ने २०१८ च्या जानेवारीत चेन्नईत पहिला कार्यक्रम केला, त्यात उत्तर चेन्नईच्या वस्त्यांतला गाना आणि गिटार एकाच मंचावर होते. मुंबईत कबीर शाक्य यांनी 'धम्म विंग्ज' हा बँड बांधला. वाट पडलेली आहे.

आणि खर्चाबद्दल बोलायचं तर १४ एप्रिलच्या मिरवणुकीचा हिशोब काढू या का? बेस आपल्या पोरांना आवडतोच! छाती हादरेपर्यंत आवडतो. त्यासाठी आपण वर्गणी काढून एका रात्रीचं भाडं देतो आणि पहाटे तो बेस ट्रकमध्ये बसून निघून जातो. मी डीजेविरोधी प्रवचन देणार नाही, वर्षातून एक रात्र आपल्याला मोठा आवाज हवा असतो याचं कारण मला माहीत आहे. पण त्याच वर्गणीतला छोटा वाटा बाजूला ठेवला तर जुना बेस आणि छोटा अँप विहारात कायमचा राहतो.

ऑनलाइन शिकण्याचं फार कौतुकही नको. 'तीस दिवसांत बेस' वाल्यांनी माझे चार महिने खाल्ले. पडद्यांचे आकडे पाठ करून गाणी वाजवत होतो, एक सूर बदलला की हातपाय गळायचे. चांगले फुकट धडे आहेत, पण जवळपास सगळे इंग्रजीत, आणि आमच्या दहावी झालेल्या पोरांना 'फ्लॅट सेव्हन्थ' म्हणजे कोमल निषाद हे सांगणारं कुणीतरी शेजारी लागतं. शिवाय व्हिडिओ तुम्हाला बघत नाही. माझं मनगट वाकडं आहे आणि न वाजवायच्या तारा मागे गुणगुणतायत, हे मला एका मित्राने समोर बसून सांगितलं. तोवर मनगट दुखायला लागलं होतं.

म्हणून आम्ही रविवारी संध्याकाळी सहा वाजता विहारात बसायला लागलोय. एक बेस, एक ढोलकी, एक पेटी, एक बेंजो, आणि धडा दाखवायला एक मोबाईल. वंदना झाली की सुरू. पहिल्या दिवशी दोन मुली आल्या, नर्सिंगच्या. त्यातल्या एकीची बोटं माझ्यापेक्षा लवकर बसली, हे मी थोड्या जड मनाने मान्य करतो. सध्या ढोलकीचा सूर बेसशी जुळवण्यावर अडलोय, ढोलकीवाला वादी ओढून दमतो आणि बेंजोवाला म्हणतो की चूक बेसची आहे. पुढच्या रविवारी मिक्सोलिडियन, म्हणजे खमाज. यायचं त्याने मोबाईल घरूनच चार्ज करून आणावा, विहारात प्लग एकच आहे आणि तो अँपला लागतो.

जयभीम!