वाढदिवसाचे रक्त

महाराष्ट्रात रक्तदान शिबिर भरते ते मुहूर्त पाहून. १९ फेब्रुवारीची शिवजयंती, १४ एप्रिलची आंबेडकर जयंती, १५ ऑगस्ट, गणपतीचे दिवस, २६ जानेवारी आणि या सगळ्यांच्या अधेमधे दादा, भाऊ, साहेब आणि ताई यांचे वाढदिवस. वाढदिवस पूर्वी केक आणि फटाक्यांवर भागत असे. मग ‘वायफळ खर्चाला फाटा देऊन सामाजिक उपक्रम’ हे वाक्य फ्लेक्सवर आले आणि वह्यावाटप, वृक्षारोपण, मोतीबिंदू तपासणी व रक्तदान असा चौपदरी कार्यक्रम ठरून गेला. यातल्या वह्या कुणा व्यापाऱ्याच्या देणगीतून येतात, झाडे गेल्या वर्षीच्याच खड्ड्यांत लागतात आणि मोतीबिंदू तपासायला डॉक्टर येतात. कार्यकर्त्याच्या अंगातून खरोखर काही जाते ते फक्त रक्तदानात. त्यामुळे या चारांत प्रामाणिकपणाचा पहिला नंबर रक्तदानाचाच लावावा लागतो.

पैसे न घेता रक्त देण्याची ही चाल फार जुनी नाही. गेल्या शतकाच्या अखेरीपर्यंत पैसे घेऊन रक्त देणारी माणसे मोठ्या रुग्णालयांच्या आसपास ठरलेली असत. ‘कॉमन कॉज’ या संस्थेच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी १९९६ मध्ये निकाल दिला, राष्ट्रीय आणि राज्य पातळीवर रक्त संक्रमण परिषदा नेमायला लावल्या आणि १ जानेवारी १९९८ पासून हा धंदा बंद झाला. पोकळी भरायला पुढे आली ती महाविद्यालये, कारखान्यांतल्या युनियन, सत्संग, ज्ञातिसंस्था आणि मंडळे. रक्तसंकलनात महाराष्ट्र आज देशातल्या आघाडीच्या राज्यांत आहे आणि त्यातला बराचसा भाग मांडवात गोळा होतो. रक्तपेढीच्या पायऱ्या आपणहून चढणारे थोडे.

शिबिराचा मांडव सकाळी नऊला उभा असतो, खाटा साडेनऊला येतात आणि उद्घाटक साडेअकराला. मधल्या दोन तासांत रक्त देऊ नये असा नियम कुठेही नाही. पण दीपप्रज्वलनाआधी पहिली सुई टोचली तर फोटोत खाटा भरलेल्या दिसतात आणि नेते रिकाम्या हातांनी उभे दिसतात, म्हणून थांबतात. तेवढ्या वेळात उपाशीपोटी आलेला दाता चहावर चहा घेतो. वास्तविक उपाशीपोटी येऊच नये, हे फ्लेक्सवर लिहिता आले असते. पण फ्लेक्सवर जागा नसते. मध्ये साहेब, वर साहेबांचे साहेब, खाली शुभेच्छुकांचे पासपोर्ट फोटो तीन ओळींत. शिबिराची वेळ आणि ठिकाण कोपऱ्यात, दुचाकी थांबवून वाचावे लागेल इतक्या बारीक अक्षरांत.

आत गेल्यावर पहिले टेबल फॉर्मचे, दुसरे वजनकाट्याचे. वय १८ ते ६५, वजन किमान ४५ किलो, हिमोग्लोबिन किमान १२.५ ग्रॅम. तिसऱ्या टेबलावर मोरचुदाच्या निळ्या द्रावणाची छोटी बाटली असते. बोटाला टोचून काढलेला थेंब सिस्टर वरून त्यात सोडतात. थेंब झपकन बुडाला की दाता पुढच्या टेबलावर. थेंब मध्येच रेंगाळला किंवा वर आला की दाता घरी. महिला दिनाच्या शिबिरात हा थेंब वारंवार वर येतो. २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या निम्म्याहून अधिक स्त्रिया रक्तक्षयी आढळल्या, तेव्हा यात नवल काही नाही. परत पाठवलेल्या बाईला बिस्किटाचा पुडा मिळतो आणि बीट, पालक, खजूर खाण्याचा सल्ला. लोहाच्या गोळ्यांचे पाकीट त्याच टेबलावर ठेवायला कुणाची हरकत नसावी. सत्काराच्या एका शालीच्या पैशांत कितीतरी पाकिटे येतील.

पुढे खाट. दंडाला पट्टा, मुठीत रबरी चेंडू, खाली हलत्या यंत्रावर पिशवी. यंत्र ती पिशवी सतत डोलवत ठेवते, कारण पिशवीत आधीच भरलेले गोठणरोधक औषध रक्तात नीट मिसळायला हवे. एरवी ३५० मिलिलिटर, वजन ५५ किलोच्या पुढे असेल तर ४५० पर्यंत. दहा मिनिटांत काम होते. त्यानंतर पंधरा मिनिटे पडून राहायचे असते आणि ही पंधरा मिनिटे फोटोग्राफरची. दात्याने अंगठा वर करायचा, नेत्याने खाटेच्या कडेवर हात ठेवायचा. मग केळे, बिस्किटे, आंब्याच्या रसाचा खोका, प्रशस्तिपत्र.

आणि भेटवस्तू.

भेटवस्तूचा इतिहास कुणीतरी स्वतंत्रपणे लिहायला हवा. सुरुवात पेनाने झाली. मग किल्ल्यांची कडी, मग भिंतीवरचे घड्याळ, ज्यात आकड्यांच्या मागे नेत्याचा चेहरा असे आणि दोन्ही काटे बारा वाजता कपाळावर एकत्र येत. त्यानंतर स्टीलचा डबा, पाण्याचा जार, प्रवासी बॅग, हेल्मेट. हेल्मेटला निदान काही संगती होती. ते घालणाऱ्याला रक्त लागण्याची शक्यता कमी. डिसेंबर २०२० मध्ये, करोनाने पेढ्या रिकाम्या केल्या असताना, मुंबईतल्या एका शिबिरात दात्याला एक किलो कोंबडी आणि शाकाहाऱ्याला पनीर जाहीर झाले. त्यावर गदारोळ झाला आणि विनोदही. पण एका जाणत्या संयोजकाने शाकाहाऱ्यांची आठवण ठेवली, याची नोंद कुणी घेतली नाही.

गंमत सोडली तर भेटवस्तूला हरकत घेण्याचे कारण अगदी व्यवहारी आहे. अल्पोपाहार, लहानसे स्मृतिचिन्ह, फार तर जाण्यायेण्याचा खर्च एवढे स्वेच्छा रक्तदानाच्या आंतरराष्ट्रीय व्याख्येत बसते. पैसा, किंवा पैशाच्या मोलाची वस्तू, बसत नाही. कारण पहिल्या टेबलावरचा तो फॉर्म. त्यात कावीळ होऊन गेली का, नुकता टॅटू काढला का, कोणती औषधे चालू आहेत का, असे प्रश्न असतात आणि त्यांची उत्तरे फक्त दात्याला ठाऊक असतात. प्रत्येक पिशवीची एचआयव्ही, कावीळ ब, कावीळ क, गुप्तरोग आणि मलेरिया यांसाठी चाचणी होते खरी. पण संसर्ग अगदी ताजा असेल तर काही काळ तो चाचणीला सापडत नाही. त्या काळात रुग्णाची मदार दात्याच्या खरेपणावर असते. हेल्मेटसाठी आलेला माणूस ‘नाही, नाही, नाही’ अशा खुणा करत फॉर्म अर्ध्या मिनिटात भरतो. फॉर्म भरून द्यायला शेजारी कार्यकर्ता बसला असेल तर तेवढाही वेळ लागत नाही.

भेटवस्तूचा खर्च कोण करतो, हाही प्रश्न आहे. मोठ्या मंडळाचे शिबिर मिळावे म्हणून पेढ्यांत चढाओढ असते आणि कुणाला शिबिर द्यायचे हे ठरवताना काही संयोजक भाव खातात.

पिशवी पेढीत पोचली की तिचे तीन भाग करतात: तांबड्या पेशी, प्लाझ्मा, प्लेटलेट. गोठवलेला प्लाझ्मा वर्षभर टिकतो. प्लेटलेट पाच दिवस. तांबड्या पेशी नेहमीच्या पिशवीत ३५ दिवस, पोषक द्रावण मिसळले तर ४२. वाढदिवसाच्या शिबिराचे सारे गणित इथे चुकते. २०१० च्या एप्रिलमध्ये महाराष्ट्राच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त मुंबईत एका राजकीय पक्षाने एका दिवसात २५ हजारांच्या घरात पिशव्या जमवल्या. विक्रम झाला, बातम्या झाल्या. पण एका दिवशी जमलेल्या पिशव्यांची मुदतही एकाच दिवशी संपते. रुग्णांना एवढ्या घाईने आजारी पडता येत नाही.

उलट बाजूला थॅलेसेमियाचे मूल असते. त्याला दर दोन ते चार आठवड्यांनी रक्त लागते, मग दहावीची परीक्षा असो की दिवाळी. मे महिन्यात महाविद्यालये बंद, कचेऱ्यांतली माणसे गावी, ऊन मी म्हणत असते, लग्नसराई जोरात. त्या महिन्यात मांडव लागतात ते जेवणावळींचे. मग वर्तमानपत्रात ‘राज्यात रक्ताचा तुटवडा’ ही बातमी येते, राज्य रक्त संक्रमण परिषदेचे आवाहन येते. ऑक्टोबर-नोव्हेंबरात पुन्हा तेच, आणि तेव्हा डेंग्यूची साथ असली तर प्लेटलेटसाठी धावाधाव.

ही धावाधाव आता मोबाइलवर होते. ‘तातडीने बी निगेटिव्ह हवे, लहान मुलाचे ऑपरेशन आहे, कृपया पुढे पाठवा.’ रुग्णालयाचे नाव असते, नातेवाइकाचा नंबर असतो, तारीख नसते. असा निरोप वर्षानुवर्षे फिरतो. मूल शाळेत जाऊ लागते तरी बापाला अनोळखी माणसांचे फोन येत राहतात आणि तो बिचारा प्रत्येकाचे आभार मानत राहतो. निरोप पुढे ढकलणाऱ्याला आपण काही केल्याचे समाधान मिळते, दंडाला पट्टा न बांधता. राज्य सरकारने २०१४ मध्ये १०४ क्रमांकावर फोन केल्यास मोटारसायकलवरून रक्त पोचवणारी ‘जीवन अमृत’ सेवा सुरू केली होती. तीही पुढे बंद झाली.

खरी कसोटी दुर्मीळ गटाची. १९५२ मध्ये मुंबईत डॉ. वाय. एम. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांना असे रक्त सापडले की ते ‘ओ’ गटासारखे दिसे, पण ‘ओ’चे रक्त त्याला चालत नसे. त्याला बॉम्बे गट म्हणतात. भारतात सुमारे दहा हजारांत एकाचा हा गट असतो. युरोपात तो याहून कितीतरी दुर्मीळ. या गटाच्या माणसाला फक्त त्याच गटाचे रक्त चालते, म्हणून हे लोक एकमेकांचे नंबर जपून ठेवतात. २०२४ मध्ये शिर्डीहून असा एक दाता चारशेहून अधिक किलोमीटर गाडीने इंदूरला जाऊन एका अनोळखी बाईसाठी रक्त देऊन आला. तिथे मांडव नव्हता आणि हेल्मेटही नव्हते. नंबर होता, तेवढ्यावर काम झाले.

दात्याची एक तक्रार मात्र रास्त आहे. शिबिरात मिळालेले कार्ड सहसा त्याच पेढीत चालते. अडचणीच्या वेळी रुग्ण असतो दुसऱ्या गावात आणि कार्ड निघते तिसऱ्या पेढीचे. खिडकीवर पैसे सांगितले की ‘आम्ही फुकट दिले आणि हे विकतात’ हा संवाद ठरलेला. ते पैसे रक्ताचे नसतात, चाचण्या आणि साठवणीचे असतात आणि त्यांची कमाल मर्यादा राष्ट्रीय परिषद ठरवून देते. पण हे समजावून सांगणारा माणूस खिडकीच्या आत बसवलेला नसतो. खिडकीच्या काचेवर दरपत्रक चिकटवलेले असते, तेही आतल्या बाजूने उलटे.

पुरुषाला एकदा रक्त दिल्यावर ९० दिवसांनी पुन्हा देता येते, स्त्रीला १२० दिवसांनी. शिवजयंतीला दिलेले रक्त ३५ दिवसांच्या हिशेबाने २६ मार्चला बाद होते. शिवजयंतीलाच रक्त दिलेला पुरुष २० मेला पुन्हा तयार असतो, म्हणजे नेमका तुटवड्याच्या ऐन भरात. त्याचे नाव, गट आणि मोबाइल नंबर मंडळाच्या नोंदवहीत असतो. ही नोंदवही वाया जाते असे कुणी समजू नये. पालिकेची निवडणूक लागली की त्याच नंबरांवर ‘नमस्कार, मी आपला’ असा आवाज येतो, दिवाळीला शुभेच्छा येतात, गणपतीत वर्गणीची आठवण येते. मेच्या तिसऱ्या आठवड्यात तेवढा फोन येत नाही. काही पेढ्या आपल्या नेहमीच्या दात्यांना असे फोन करतात आणि ती माणसे दुपारच्या सुट्टीत येऊन रक्त देऊन जातात. शंभर नावांच्या यादीला एका कार्यकर्त्याची संध्याकाळ पुरते. मात्र त्या संध्याकाळी कुणाचाच वाढदिवस नसतो, आणि फ्लेक्सचा मजकूर काय करायचा हे मंडळाला अजून सुचलेले नाही.