झेंडा हातात, मत कुणाकडे?

जपानी शाळांबद्दल मराठीत जे लिहिलं जातं त्यात दोन गोष्टी हमखास असतात. मुलं स्वतः वर्ग झाडतात, आणि दुपारचं जेवण स्वतः वाढतात. दोन्ही खरं आहे. वाचून आपल्याकडे माना डोलावल्या जातात, 'बघा, संस्कार!' म्हटलं जातं, आणि विषय संपतो. पण त्या शाळेचं बजेट कोण ठरवतं, कंत्राटांवर सही कोण करतं, आणि पालकाला त्यात काय विचारतात, यावर सहसा कुणी लिहीत नाही. कंटाळवाणं वाटत असावं. मी पडलो इंजिनियर, मला यंत्राचं कव्हर काढून आत बघायची खोड आहे. तर आज त्याबद्दल.

आम्ही राहतो कोतो वॉर्डात. टोकियोच्या 23 वॉर्डांपैकी हा एक, पूर्वेकडचा, सुमिदा आणि अराकावा या दोन नद्यांच्या मधला. वस्ती पाच लाखांच्या वर. ओजिमा भागात भारतीय कुटुंबं भरपूर, आणि 2004 साली इथे भारतीय शाळाही सुरू झाली, त्यामुळे बहुतेकांची मुलं तिकडे जातात. आम्ही लेकीला वॉर्डाच्या शाळेत घातलं. फी नाही, चालत दहा मिनिटं. एक गंमत मात्र तेव्हा कळली. सक्तीच्या शिक्षणाचा इथला नियम परदेशी मुलांना लागू नाही. म्हणजे जपानी आईबापांना मूल शाळेत घालावंच लागतं, आपण मात्र अर्ज करायचा. केला की प्रवेश देतात, मुलाला वागणूकही इतरांसारखीच मिळते. पण नातं सुरू होतं ते विनंती अर्जाने!

आता पीटीए. महायुद्धानंतर अमेरिकनांच्या अमलाखाली शाळांचं लोकशाहीकरण करायचं म्हणून ही कल्पना जपानात आली. 1947 साली शिक्षण मंत्रालयाने त्याची मार्गदर्शिकाच काढली होती. कागदावर ही स्वेच्छेची संस्था, शाळेपासून वेगळी. प्रत्यक्षात मूल शाळेत गेलं की आई आपोआप सभासद (बाबा क्वचित). एप्रिलच्या पहिल्या सभेत पदाधिकारी निवडायचे असतात तेव्हा जी शांतता पसरते ती मी जपानात भूकंपानंतरच अनुभवली आहे. सगळे आपापल्या चपलांकडे बघतात. शेवटी चिठ्ठ्या टाकतात, नाहीतर चक्क 'दगड-कागद-कात्री' खेळतात. हरेल तो सेक्रेटरी.

कामं काय, तर सकाळी कोपऱ्यावर पिवळा झेंडा घेऊन मुलांना रस्ता ओलांडून द्यायचा, क्रीडादिनाला तंबू ठोकायचे, आणि बेलमार्क. हा बेलमार्क काय प्रकार आहे ते सांगायलाच हवं. 1960 पासूनची ही योजना. बिस्किटं, मेयोनेझ वगैरेंच्या पाकिटांवर घंटेचं छोटं चित्र असतं. ते कापायचं, कंपनीवार वेगळं करायचं, मोजायचं आणि पाठवायचं. एक पॉइंट म्हणजे एक येन. त्यातून शाळेला चेंडू, शिट्ट्या, घड्याळं असं सामान घेता येतं, आणि खरेदीतला काही भाग दुर्गम भागातल्या शाळांना जातो. हेतू चांगला आहे. पण दहा आया दोन तास बसून जेवढे येन जमवतात तेवढे त्यांतली एकटी तितका वेळ सुपरमार्केटच्या काउंटरवर उभी राहून मिळवेल. हा हिशोब मी एकदा मांडून दाखवला. सगळ्या हसल्या आणि पुन्हा कात्री हातात घेतली :-)

नाही म्हणायचं धाडस कुणी करतच नाही असं नाही. कुमामोतोमध्ये एका पालकाने 2014 साली पीटीएवर दावाच लावला, की मला न विचारता सभासद केलं. 2017 मध्ये वरच्या न्यायालयात तडजोड झाली, आणि सभासदत्व ऐच्छिक आहे हे पालकांना नीट सांगावं असं ठरलं. सत्तर वर्षांनी!

स्वयंसेवकांचा विषय निघालाच आहे तर त्याची काळी बाजूही सांगतो. 1959 मध्ये टोकियोने रस्ता ओलांडून द्यायला बायका नेमल्या होत्या, त्यात युद्धात नवरे गमावलेल्या बऱ्याच होत्या. लोक त्यांना 'हिरव्या मावश्या' म्हणत. त्या पगारी होत्या, हे महत्त्वाचं. पुढे 2001 मध्ये ओसाकाच्या इकेदा शाळेत एक माणूस सुरा घेऊन घुसला आणि आठ मुलं गेली. त्यानंतर देशभर शाळांची फाटकं बंद झाली आणि राखणीला पालक-आजोबा मंडळी अधिकच रस्त्यावर उभी राहू लागली, पण पगाराविना. आणि 2017 मध्ये चिबा प्रांतात नऊ वर्षांच्या एका व्हिएतनामी मुलीचा खून झाला. पकडला गेला तो तिच्याच शाळेच्या पालक संघाचा अध्यक्ष, मुलांच्या राखणीला उभा राहणारा. पुढे त्याला जन्मठेप झाली. त्या बातमीने आम्हा परदेशी पालकांच्या पोटात गोळा आला होता. मुलांसोबत काम करणाऱ्यांचे लैंगिक गुन्ह्यांचे जुने रेकॉर्ड तपासण्याचा कायदा 2024 मध्ये संमत झाला, पण तो मुख्यतः शिक्षक आणि कर्मचाऱ्यांना डोळ्यांसमोर ठेवून. जिथे 'कुणीतरी या हो' म्हणून माणसं गोळा करायची, तिथे जो आनंदाने पुढे येतो त्याला प्रश्न विचारायचा संकोच होतो. फुकटच्या कामावर यंत्रणा उभी केली की ही किंमत मोजावी लागते.

बरं, एवढी राबणूक करून निर्णयात वाटा किती? इथे खरी मेख आहे.

प्रत्येक वॉर्डाला एक शिक्षण समिती असते, 'क्योइकु इइनकाई'. 1948 साली हिचे सदस्य थेट लोकांनी निवडून द्यायचे असा कायदा झाला. आठच वर्षांत, 1956 मध्ये, निवडणूक रद्द झाली आणि महापौराने नावं सुचवायची, सभागृहाने मान्यता द्यायची अशी पद्धत आली. टोकियोच्या नाकानो वॉर्डाने 1981 पासून काही वर्षं नागरिकांची मतं घेऊन नावं ठरवण्याचा प्रयोग केला, तोही बंद पडला. 2015 पासून तर समितीचा प्रमुखही थेट महापौरच नेमतो. आमच्या कोतोत 2023 च्या एप्रिलमध्ये निवडून आलेल्या महापौर बाईंना प्रचारातल्या इंटरनेट जाहिरातींच्या प्रकरणात नोव्हेंबरमध्येच पायउतार व्हावं लागलं आणि डिसेंबरात पुन्हा निवडणूक झाली. शिक्षण समितीची नावं सुचवण्याचा अधिकार ज्या खुर्चीत आहे ती ही खुर्ची.

समितीत एक तरी पालक असावा असा कायदा आहे. बैठका सहसा खुल्या असतात, जाऊन बसता येतं. कोणती पाठ्यपुस्तकं लावायची ते समिती ठरवते. पण पैसे? बजेट मांडणं आणि करार करणं हे महापौराचं काम. मोठी कंत्राटं सभागृहापुढे जातात. अभ्यास ठरवणाऱ्याच्या हातात चेकबुक नाही. इंजिनियर म्हणून मला ही रचना आवडते, एका माणसाकडे दोन्ही चाव्या नसलेल्या बऱ्या. आणि ती काम करते. तोयोसूतला जहाजबांधणी कारखाना 2002 मध्ये बंद झाला, तिथे उंच इमारती उगवल्या, मुलांचा लोंढा आला. वॉर्डाने बिल्डरांकडून फ्लॅटच्या संख्येनुसार पैसे मागितले आणि शाळा बांधल्या. तोयोसू-किता 2007 मध्ये, तोयोसू-निशी 2015 मध्ये, आरिआके-निशी 2018 मध्ये. पुण्याभोवती गेल्या वीस वर्षांत किती टॉवर झाले आणि किती महापालिका शाळा, हे तुम्हीच मोजा.

पण त्या कंत्राटांपाशी पालक कुठेच नाही. आणि परदेशी पालक तर नाहीच नाही, कारण समितीवर बसायला जपानी नागरिकत्व लागतं. झेंडा धरायला लागत नाही. शेजारच्या एदोगावा वॉर्डात आपले योगेंद्र पुराणिक 2019 मध्ये परिषदेवर निवडून आले, पुढे 2023 मध्ये इबाराकी प्रांतातल्या सरकारी हायस्कूलचे मुख्याध्यापकही झाले. अभिमानाची गोष्ट. पण निवडणुकीला उभं राहण्याआधी त्यांना भारतीय पासपोर्ट सोडावा लागला होता.

आता गंमत बघा. जे इथल्या पालकाला नाही ते महाराष्ट्रातल्या पालकाला आहे! 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याने सरकारी आणि अनुदानित शाळांना व्यवस्थापन समिती बंधनकारक केली. तीन चतुर्थांश सदस्य पालक, निम्म्या स्त्रिया. अनुदानाचा विनियोग कसा होतो त्यावर समितीने लक्ष ठेवायचं. असा कायदा टोकियोतल्या आयांना सांगितला तर त्यांना वाटतं मी थाप मारतोय.

आणि आपण त्याचं काय केलं? महापालिकांची शिक्षण मंडळं 2013 मध्ये सरकारने मोडीत काढली. त्यांच्या खरेदीच्या कथा पुण्याच्या वाचकांना मी सांगायला नको, आणि त्यासाठी मला रडूही येत नाही. पण गणवेशाचं प्रकरण वेगळं. गणवेश शाळेची समिती गावात घ्यायची. 2024-25 साठी 'एक राज्य एक गणवेश' म्हणून कापड वरून आलं, शिलाई बचत गटांकडे गेली. कितीतरी पोरांना वेळेत कपडे मिळाले नाहीत, मिळाले त्यांच्या मापाच्या तक्रारी. डिसेंबर 2024 मध्ये सरकारने अधिकार पुन्हा समित्यांना दिला. माझ्या मते त्या वर्षातली सगळ्यात महत्त्वाची शैक्षणिक बातमी हीच होती. पण पेपरात ती सरकारच्या फजितीची बातमी म्हणून आली आणि गेली.

माझी एक मावसबहीण सातारा जिल्ह्यात अशा एका समितीवर आहे. पूर्वी विचारलं की म्हणायची, "दादा, सर रजिस्टर घरी घेऊन येतात, मी सही करते." बैठक झाल्याची नोंद, ठराव, सगळं तयार. त्या गणवेशाच्या वर्षी तिच्या धाकट्याला आलेला शर्ट थोरल्याच्याही अंगात ढगळ झाला असता. 2025 च्या उन्हाळ्यात अधिकार परत आल्यावर ती आणि अजून दोघीजणी तालुक्याच्या गावी जाऊन तीन दुकानांतून कापड बघून आल्या, भाव लिहून आणले आणि म्हणाल्या, बैठक शाळेतच घ्या. सर जरा नाराज झाले म्हणे. बैठक झाली, पाच जण आले. पुढची ऑगस्टमध्ये ठरली, ती झाली की नाही ते विचारायचं आहे.