डायलिसिसवरील रुग्णाचे वजन आणि निद्रा

कर्जत-खालापूर परिसरातील वैद्यांकडे आणि औषधी दुकानांत डायलिसिसवर असलेले रुग्णही येतात. नेरळ-कर्जतकडचा रुग्ण लोकलने कल्याणला, खोपोली-रसायनीकडचा पनवेलला, असे आठवड्यातून दोन-तीन दिवस चार-चार तास यंत्राला देऊन घरी परततो. वृक्कांसाठी तो आपल्याकडे येतोच असे नाही. रात्री झोप लागत नाही, दिवसा डोळे मिटतात, वजन वाढले आहे, एवढेच सांगतो. मग कोणी सर्पगंधा देतो, कोणी मेदोहर गुग्गुळ. या दोहोंस आमचा स्पष्ट विरोध आहे.

स्थौल्य व निद्रा यांचा संबंध आपणांस नवा नाही. चरकाचार्यांनी दोहोंचा विचार सूत्रस्थानातील अष्टौनिंदितीय या एकाच अध्यायात केला. सुश्रुताचार्यांनी स्थूलाच्या लक्षणांत क्रथन सांगितले. टीकाकार त्याचा अर्थ श्वासाचा अकस्मात अवरोध असा करतात. आधुनिक शास्त्रातील स्लीप अ‍ॅप्निया याच्या फार जवळचा. त्यामुळे घोरणारा रुग्ण दिसला की आपली दृष्टी प्रथम मेदाकडे जाते. इतरत्र ते योग्यच. डायलिसिसवरील रुग्णात मात्र ती फसवते. हा विकार त्यांच्यात सर्वसामान्यांहून कितीतरी अधिक आढळतो, आणि कृश माणसांतही आढळतो.

त्याचे एक मोठे कारण मेद नसून जल होय. मूत्रप्रवृत्ती जवळजवळ थांबलेली असल्याने प्यालेले पाणी अंगातच राहते. एक लिटर म्हणजे एक किलो. दिवसा ते पायांत उतरते, रात्री आडवे होताच मानेकडे सरकते आणि श्वासमार्ग अरुंद करते. रक्तात साठलेल्या त्याज्य द्रव्यांमुळे श्वासाचे नियमनही बिघडते. टोरांटो येथील हॅन्ली आणि पिएराटोस यांनी २००१ साली १४ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. नेहमीच्या डायलिसिसऐवजी घरी रात्रभर डायलिसिस सुरू केल्यावर झोपेत श्वास थांबण्याचे वा मंदावण्याचे प्रमाण ताशी सरासरी २५ वरून ८ वर आले. मेदोहर चिकित्सेचा येथे संबंधच नव्हता.

म्हणून या रुग्णाच्या बाबतीत वजनकाट्यावरचा आकडा जसाच्या तसा मानू नये. दोन डायलिसिसच्या मध्ये वाढलेले दोन-तीन किलो हे बहुतांशी मीठ आणि पाणी असते. आपल्याकडील सुकट, पापड, लोणचे यांचा त्यात वाटा मोठा. उलट मांसधातू क्षीण होत असता त्याची जागा पाण्याने घेतली, तर आकडा स्थिर राहतो आणि क्षय लपून जातो. डायलिसिसवरील रुग्णांत स्थूलापेक्षा कृशाच्या जीवितास अधिक धोका असतो, असे मोठ्या पाहण्यांत वारंवार दिसले आहे. अशास लेखन चिकित्सा देणे म्हणजे उरलेले बळ काढून घेणे. प्रत्यारोपणासाठी वजन उतरवणे आवश्यक असेल, तर ते वृक्कतज्ज्ञांच्या देखरेखीखालीच व्हावे.

पाणी काढण्यासाठी पुनर्नवा-गोक्षुराचे काढे देण्याचा मोहही होतो. परंतु जे वृक्क मूत्र निर्माणच करीत नाही, त्यास मूत्रल द्रव्य काय करणार? काढ्याचे पाणी तेवढे वाढते. यवक्षारात तर पोटॅशियम असते, आणि ते या रुग्णात हृदयाची गती थांबवू शकते. शहाळ्याचे पाणीही त्याच कारणास्तव वर्ज्य.

निद्राजनक औषधांविषयी औषधविक्रेत्या बंधूंनी विशेष सावध राहावे. ज्याचा श्वास झोपेत अडतो, त्याची जाग हेच त्याचे संरक्षण असते. गाढ गुंगी आणून आपण तेच काढून घेतो.

करावयाचे ते फार नाही. डायलिसिसच्या नोंदवहीत आधीचे व नंतरचे वजन असते, ते पाहावे. घोरणे मध्येच थांबून दचकून पुन्हा सुरू होते काय, हे घरच्यांना विचारावे. रुग्णास स्वतःला ते ठाऊक नसते. उत्तर होय आले, तर कुशीवर व डोके उंच ठेवून निजण्यास सांगावे आणि वृक्कतज्ज्ञांस चिठ्ठी द्यावी. शुष्क वजन पुन्हा ठरवायचे, झोपेची तपासणी करायची, की श्वासमार्ग उघडा ठेवणारे सीपॅप यंत्र द्यायचे, हा निर्णय त्यांचा. दुकानात झोपेचे औषध मागणाऱ्याच्या हातावर फिस्तुलाची फुगलेली शीर दिसली, तर बाटली काढण्यापूर्वी एवढी विचारपूस अवश्य व्हावी.