चित्रें मांडण्याचा व्यवसाय

गेल्या दिवाळींत आमच्या मोहोळच्या घरीं एक लहानसा वाद निघाला, व तो अद्याप पुरता मिटलेला नाहीं. आमच्या धाकट्या बंधूंची कन्या कलेच्या इतिहासाची पदवी घेऊन आली आहे. पुढें मुंबईस राहून आधुनिक चित्रांचीं प्रदर्शनें भरविण्याचा व्यवसाय करावा, असा तिचा मानस आहे. मातोश्रींनीं सर्व शांतपणें ऐकून घेतलें आणि विचारलें, “म्हणजे ही चित्रें काढणार नाहीं, विकणारही नाहीं, मग करणार तरी काय?” प्रश्न सरळ होता, पण घरांतील एकाही पदवीधरास त्याचें उत्तर देतां येईना, आणि त्यांत आम्हीही आलों. असा प्रश्न वाचकांच्या घरींही आज ना उद्यां निघेल, म्हणून या महिन्याचें पान त्यालाच देत आहों.

इंग्रजींत या मनुष्यास क्युरेटर म्हणतात. मूळ लॅटिन शब्दांत काळजी घेणें हा अर्थ आहे. आपल्या सरकारी परिभाषेंतील ‘अभिरक्षक’ हा शब्द संग्रहालयाच्या राखणदारास शोभतो. परंतु निरनिराळ्या चित्रकारांचीं चित्रें एका विचारानें निवडून एकत्र मांडणाऱ्यास कोणी ‘गुंफणकार’ म्हणतात, तो शब्द आम्हांस अधिक आवडला. चित्रें निवडणें हा कामाचा एक भाग झाला. तीं मालकांकडून उसनीं मागावयाचीं, त्यांचा विमा उतरावयाचा, येतांना व परत जातांना प्रत्येकाची अवस्था लिहून ठेवावयाची, कोणाशेजारीं कोण शोभेल हें ठरवावयाचें, आणि शेवटीं पाहणारास वाट सांपडावी म्हणून चार ओळी लिहावयाच्या, असें हें काम आहे.

यांतील एक धडा पुतणीनें घरींच दिला. आमच्या दिवाणखान्यांत पश्चिमेच्या खिडकीसमोर रविवर्मा छापखान्याची सरस्वती तीन पिढ्या टांगलेली आहे. तिनें ती उतरवून चौकट उघडली, तों चौकटीच्या कांठाखालीं दडलेली बोटभर पट्टी अजून ताज्या रंगाची, आणि बाकीचें चित्र फिकट! “काका, कागदावरच्या चित्राला संग्रहालयांत पन्नास लक्सच उजेड पुरे मानतात. इथें दुपारीं हजारोंनीं पडतो.” लक्स हें उजेडाचें माप होय. सरस्वती आंतल्या भिंतीवर, डोळ्यांच्या उंचीवर आली. त्याच उत्साहांत तिनें तीर्थरूपांचें छायाचित्रही दारावरून खालीं घेतलें, तेव्हां मात्र मातोश्री कडाडल्या, “वडिलांचा फोटो डोक्याच्या वरच हवा.” पुतणीनें तें मुकाट्यानें परत वर लावलें. ज्याची भिंत त्याचें मन जाणणें हाही या व्यवसायाचाच भाग असावा.

हें काम आपल्याकडे अगदींच नवें आहे असें नाहीं. स्वतः चित्रकार असलेल्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींनीं औंधासारख्या लहान गांवीं टेकडीवर संग्रहालय उभारून १९३८ सालीं तें लोकांस खुलें केलें. तेथें रविवर्म्याचीं मूळ चित्रें आहेत, तसें हेन्री मूर या इंग्रज शिल्पकाराचें माता व मूल हें अगदीं आधुनिक शिल्पही आहे. सोलापूरशीं नातें सांगणारें उदाहरण म्हणजे डॉ. सरयू दोशी. वालचंद हिराचंदांच्या घराण्याच्या त्या सून. मूळ अभ्यास जैन हस्तलिखितांतील चित्रांचा. मुंबईंत १९११ सालच्या कावसजी जहांगीर सभागृहांत १९९६ सालीं राष्ट्रीय आधुनिक कलासंग्रहालय सुरू झालें, त्याच्या त्या पहिल्या संचालिका. जुन्याचा गाढ व्यासंग असला म्हणजे नव्याचें वावडें असतें, ही आपली समजूत त्यांच्यापुढें टिकत नाहीं.

पण आमचें मन वळविलें तें डॉ. सुधीर पटवर्धन यांच्या उदाहरणानें. हे गृहस्थ क्ष-किरणांचे डॉक्टर. १९७५ पासून २००५ पर्यंत त्यांनीं ठाण्यांत व्यवसाय केला. चित्रकलेच्या शाळेंत न जातां ते नामवंत चित्रकार झाले. गिरणगांवचे रस्ते, लोकलगाड्या, इराण्याचें हॉटेल हे त्यांचे विषय. १९८१ सालीं मुंबई व दिल्ली येथें ‘प्लेस फॉर पीपल’ हें गाजलेलें प्रदर्शन झालें, त्यांतील सहा चित्रकारांपैकीं ते एक. आपलीं चित्रें मोठ्या शहरांत दाखवून त्यांस स्वस्थ बसतां आलें असतें. परंतु २००८-०९ मध्यें त्यांनीं समकालीन भारतीय चित्रकारांचीं चित्रें निवडून ‘विस्तारणारी क्षितिजे’ हें प्रदर्शन सिद्ध केलें, आणि तें महाराष्ट्रांत आठ ठिकाणीं फिरविलें. मूळ चित्रें गांवोगांव नेण्यांत जोखीम केवढी, हें वर सांगितलेल्या कामांच्या यादीवरून ध्यानांत येईल.

आम्हांस हें लागलें, त्याचें कारण सांगतों. मकबूल फिदा हुसेन १९१५ सालीं पंढरपुरांत, म्हणजे आमच्या शेजारच्या तालुक्यांत जन्मले. त्यांच्याविषयींचे वाद आम्ही वर्तमानपत्रांतून हिरीरीनें वाचले, ओसरीवर बसून मतेंही दिलीं. पण त्यांचें एकही मूळ चित्र आमच्या घरांतील कोणी पाहिलेलें नाहीं! तरुणपणीं मुंबईस जहांगीर कलादालनांत एकदां शिरलों होतों, तों पांच मिनिटांत हंसत बाहेर पडलों. त्या दिवशीं दोन शब्द सांगणारें कोणी भेटतें, तर कदाचित् थांबलों असतों.

दोष नाहींत असें नाहीं. कित्येक प्रदर्शनांत भिंतीवरील मजकूर चित्राहून दुर्बोध असतो, व मांडणाराच चित्रकाराच्या पुढें येऊन उभा राहतो. श्रीमंत दालनांच्या मर्जीवर पुष्कळ कांहीं अवलंबून असतें. संग्रहालयांतील कायम जागा थोड्या. बहुतेकांस एकेका प्रदर्शनापुरतें काम मिळतें, त्यामुळें प्राप्ति अनियमित. बंधूंनीं याच मुद्यावर बोट ठेवलें, आणि तें बरोबरच होतें. शिक्षणाची सोय मात्र आहे. बडोद्याच्या विद्यापीठांत कलेतिहासाचा जुना विभाग आहे. मुंबईच्या भाऊ दाजी लाड संग्रहालयानेंही आधुनिक कला व प्रदर्शन-मांडणी यांचा पदविका अभ्यासक्रम चालविला आहे.

दोन वर्षें खर्च घरानें सोसावा, त्यापुढें तिनें आपली व्यवस्था पाहावी, असें आम्ही सुचविलें व बंधूंनीं तें मान्य केलें. मातोश्रींचा होकार अद्याप यावयाचा आहे. मुलीनें मुंबईस मामांकडेच राहावें, अशी वहिनींची अट आहे. त्याबद्दल मामांशीं बोलणें चालूं आहे.