घड्याळ कोणाच्या हातात आहे?

परवा आपल्या शहरातल्या एका मैदानावर शालेय कबड्डीचा सामना बघायला गेलो होतो. पुतणी खेळत होती. उत्तरार्धाची शेवटची काही मिनिटं, आमच्या पोरी दोन गुणांनी मागे. तेवढ्यात समोरच्या संघातली एक मुलगी घोटा धरून खाली बसली. खरंच लागलं असेल, मी तिला दोष देत नाही. पाणी आलं, स्प्रे आला, सर आले. मग ती उठली, बुटाची लेस बांधली, खेळ सुरू झाला. एक चढाई झाली न झाली तोच लांब शिट्टी. सामना संपला.

टेबलाजवळ जाऊन विचारलं, 'सर, मधला वेळ धरला का?' उत्तर आलं, 'पंचांनी खूण केली नाही, मग मी घड्याळ कशाला थांबवू?' पंच म्हणाले, 'मला वाटलं टेबलानं थांबवलंय.' आणि घड्याळ म्हणजे काय, तर एका माणसाच्या मुठीतला मोबाईल. तो त्याच्याशिवाय कोणालाच दिसत नव्हता. मधे एकदा त्याला फोनही येऊन गेला, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय.

आता कोणी म्हणेल, शाळेचा तर सामना, एवढं काय त्यात? अहो, इथून पोरी पुढच्या स्पर्धेला जातात. त्याच प्रमाणपत्रांवर पुढे दहावी-बारावीला सवलतीचे गुण मिळतात, सरकारी नोकरीतल्या ५ टक्के खेळाडू आरक्षणाची वाट तिथूनच सुरू होते. वाळूज, पैठण, कन्नडकडून एसटीनं येणाऱ्या पोरीसाठी ते अर्धं मिनिट फार महाग असतं.

नियम नाहीत असंही नाही. कबड्डीत प्रत्येक संघाला प्रत्येक डावात ३० सेकंदांचे दोन टाइमआउट मिळतात आणि तो वेळ सामन्यात धरत नाहीत. खेळाडूला लागलं, बाहेरचं कोणी मैदानात घुसलं, रेषा पुन्हा आखाव्या लागल्या, तर पंच स्वतः वेळ थांबवू शकतात. वेळ संपली तरी सुरू असलेली शेवटची चढाई पूर्ण होऊ द्यायची असते. सगळं लिहिलेलं आहे. पण थांबलेलं घड्याळ कोणाला दिसतच नसेल तर नियम वहीतच राहतो ना.

माझा एक मित्र कामानिमित्त अमेरिकेत असतो. त्याच्यामुळे तिकडचं फुटबॉल, ते हेल्मेटवालं, थोडं बघायला लागलो. पंधरा-पंधरा मिनिटांचे चार भाग, म्हणजे खेळ ६० मिनिटांचा. पण सामना चालतो तीन तास! कारण तिथे घड्याळ सारखं थांबतं. फेकलेला चेंडू कोणी झेलला नाही, जमिनीवर पडला, की घड्याळ बंद. खेळाडू चेंडू घेऊन रेषेबाहेर गेला की बंद, पण एरवी चेंडू परत ठेवून पंचांनी खूण केली की लगेच चालू. पहिल्या अर्ध्याच्या शेवटच्या दोन आणि दुसऱ्या अर्ध्याच्या शेवटच्या पाच मिनिटांत मात्र पुढचा डाव सुरू होईपर्यंत बंदच. प्रत्येक अर्ध्यात तीन-तीन टाइमआउट, शिवाय दोन मिनिटं उरली की सक्तीचा थांबा. म्हणून मागे पडलेला संघ मुद्दाम कडेच्या रेषेकडे पळतो, वेळ वाचवायला. पुढे असलेला संघ मुद्दाम मैदानाच्या आत पडतो, घड्याळ पळत राहावं म्हणून.

मला ते आपल्याकडे नकोय, हेही सांगतो. एवढे थांबे आणि त्यात जाहिराती, डोकं उठतं. कबड्डीची मजाच सलग श्वासात आहे. पण एक गोष्ट घेण्यासारखी आहे: तिथे वरच्या कट्ट्यावर बसलेल्या पोरालाही कळतं की किती सेकंद उरलेत आणि घड्याळ चालू आहे की बंद.

आपल्याकडेही वर हे होतंच की. २०२३ ची हांगझोऊ आशियाई स्पर्धेची अंतिम लढत आठवा, भारत-इराण. २८-२८ अशी बरोबरी, मिनिटभराचा खेळ बाकी, आणि पवन सेहरावतच्या चढाईवरून वाद पेटला. राखीव क्षेत्राचा नियम जुना लावायचा की नवा, यावर निर्णय फिरत राहिला, खेळ सुमारे तासभर अडकला. शेवटी भारत ३३-२९ नं जिंकला. भांडण गुणांवर होतं. किती वेळ उरलाय यावर भांडायची कोणाला गरजच पडली नाही, कारण ते फलकावर होतं. प्रो कबड्डीतही तसंच.

गारखेड्याच्या विभागीय संकुलातल्या मोठ्या स्पर्धांपुरता फलक आणि बाकी मैदानांवर मोबाईल, हे बरोबर नाही. लाखो रुपये लागत नाहीत हो. एक साधं मोठ्या आकड्यांचं डिजिटल घड्याळ, आणि तेही नसेल तर वेळाधिकाऱ्यानं शेवटची पाच मिनिटं दर मिनिटाला मोठ्यानं ओरडून सांगावं, वेळ थांबवली की हात वर करावा. पंचांवर माझा राग नाही. दिवसभर उन्हात उभं राहून किती मानधन मिळतं ते मला माहीत आहे.

निकाल आता बदलणार नाही, आम्ही लेखी तक्रारही केलेली नाही. पुतणी म्हणते, 'काका, पुढच्या वर्षी बघू.' तिच्या पुढच्या स्पर्धेच्या आत आम्ही चार-पाच पालक मिळून एक घड्याळ घेतोय, ज्या मैदानाला हवं त्यांनी घेऊन जावं. कोणाकडे दुकानातलं, ऑफिसातलं जुनं चालू डिजिटल घड्याळ पडून असेल तर इथेच कळवा, मी येऊन घेऊन जातो.