माळा कोणाचा?

मराठी घरात ‘लॉफ्ट’ म्हटले की स्वयंपाकघरावरचा पोटमाळा आठवतो. लोणच्याच्या रिकाम्या बरण्या, दिवाळीपुरते खाली येणारे आकाशकंदील आणि आजोबांची ट्रंक यांचे ते विश्रांतिस्थान. अलीकडे मात्र या शब्दास भलताच भाव आला आहे. जुन्या शहराच्या जुन्या पेठेतले, उंच छताचे, उघड्या विटांचे, लोखंडी खांबांचे ऐसपैस घर म्हणजे लॉफ्ट, आणि ते परवडणारा मनुष्य म्हणजे रसिक, असे समीकरण जाहिरातींनी रूढ केले आहे. आमचा आक्षेप थाटामाटाला नाही. ज्याच्यापाशी पैसा आहे त्याने खुशाल मोठ्या घरात राहावे. परंतु अशा घराची किंमत लावताना भिंतींबरोबर त्या पेठेचा इतिहासही हिशेबात धरला जातो. तो विकण्याचा अधिकार विकणाऱ्याकडे आला कोठून, एवढेच आम्ही विचारतो.

हा प्रकार जेथे जन्मला त्या न्यूयॉर्कमधील सोहो भागाची कुळकथा पाहावी. हाउस्टन रस्त्याच्या दक्षिणेस एकोणिसाव्या शतकात ओतीव लोखंडाच्या दर्शनी भागांच्या व्यापारी इमारती उभ्या राहिल्या. अशा इमारतीचा एकेक अखंड मजला म्हणजे लॉफ्ट. मुंबईकर ज्याला ‘तिसरा माळा’ म्हणतो तोच हा माळा. फरक इतकाच की तेथे कुटुंबांऐवजी माल आणि यंत्रे राहत. विसाव्या शतकाच्या मध्यास हा भाग उतरणीस लागला. वारंवार लागणाऱ्या आगींमुळे अग्निशामक दलाने त्यास ‘नरकाचे शंभर एकर’ असे नाव ठेवले आणि रॉबर्ट मोझेस यांनी त्याच्या छाताडावरून द्रुतगती मार्ग नेण्याचा घाट घातला. याच परिसराची पाहणी करून चेस्टर रॅपकिन यांनी 1963 साली जो अहवाल दिला, त्यात तेथे अजून पुष्कळ लहान उद्योग चालू असून कृष्णवर्णीय व पोर्तोरिकन कामगारांचे पोट त्यांवर अवलंबून आहे, असे दिसून आले. म्हणजे नकाशावर मृत ठरवलेली पेठ प्रत्यक्षात श्वास घेत होती.

रिकाम्या माळ्यांवर मग चित्रकार आले. त्यांना लांबरुंद जागा, मोठ्या खिडक्यांचा उजेड आणि थोडे भाडे हवे होते. तेथे राहणे बेकायदा होते. नळ, वीज, न्हाणीघर ही सारी सोय भाडेकरूने पदरमोड करून करावी, आणि घर राहण्याजोगे झाले की भाडेपट्टा व्यापारी कामाचा आहे या सबबीवर मालकाने त्याला बाहेर काढावे, असा व्यवहार वर्षानुवर्षे चालला. आपल्याकडे पागडी आणि पोटभाडे यांच्या खटल्यांत ज्यांनी आयुष्य घालवले त्यांना या कथेत परके असे काही वाटणार नाही.

येथे एक लोकप्रिय युक्तिवाद ठेचून काढणे आम्हांस अवश्य वाटते. ‘श्रीमंतांचा पैसा आला म्हणून तर या इमारती वाचल्या,’ असे सांगितले जाते. तारखा नेमके उलट सांगतात. जॉर्ज मॅचूनस यांनी वूस्टर रस्त्यावरील 80 क्रमांकाच्या इमारतीत कलावंतांची सहकारी वसाहत उभी केली ती 1967 साली. मोझेस यांच्या मार्गाविरुद्ध जेन जेकब्ज आणि रहिवासी झगडले आणि 1969 मध्ये तो बेत सोडून देण्यात आला. कलावंतांना तेथे राहण्याची मुभा देणारा नियम 1971 चा, आणि सोहोला ऐतिहासिक विभागाचा दर्जा मिळाला 1973 मध्ये. इमारती वाचल्या त्या बिनपैशाच्या माणसांच्या हट्टाने. पैसा आला तो वाचलेले वैभव उचलावयास.

या गोष्टीत सारेच कलावंत धुतल्या तांदळासारखे होते असेही नाही. त्यांच्या मागणीने भाडी चढली, छोटे कारखानदार व त्यांचे कामगार हटले. आणि ज्यांच्या नावे माळे झाले त्यांतल्या कित्येकांनी ते चढ्या भावाने विकलेही. नियम म्हणत होता की येथे प्रमाणित कलावंतच राहील. धनिक खरीदार त्यावर काय करीत? आपण कलावंत नाही, नियम आपणांस ठाऊक आहे आणि परिणामांची जबाबदारी आपली, अशा आशयाच्या पत्रावर सही करून ते सुखाने राहावयास येत. कायदा मोडल्याची कबुली हाच जेथे प्रवेशाचा परवाना ठरतो, तेथे कायदा कोणासाठी असतो, हे सांगावयास आम्हांस पदवी मिळवावी लागली नसती. पुढे डिसेंबर 2021 मध्ये नगरपरिषदेने नियम बदलून दर चौरस फुटास 100 डॉलर कलानिधीत भरले की असा माळा साधे निवासस्थान होऊ शकेल अशी वाट काढली. त्या शुल्कालाही न्यायालयात आव्हान मिळाले.

परंतु त्याच न्यूयॉर्क राज्याने 1982 साली एक असा कायदा केला की त्याबद्दल टोपी काढावी. ज्या व्यापारी इमारतीत 1 एप्रिल 1980 ते 1 डिसेंबर 1981 या मुदतीत तीन वा अधिक कुटुंबे स्वतंत्रपणे राहिली असतील, तेथील रहिवाशाचा ताबा मान्य झाला. भाड्याला लगाम बसला. इमारत सुरक्षित करण्याची जबाबदारी मालकावर आली. आणि भाडेकरूने स्वखर्चाने केलेल्या सुधारणा ही त्याची विकता येण्याजोगी मालमत्ता ठरली. मालकाने हक्क विकत घेण्याची पळवाट त्यात राहिली, हा दोष खराच. तथापि भिंत जपण्याबरोबर भिंतीआडचा मनुष्य जपावा, हे एका विधिमंडळाला सुचले होते.

त्याच 1982 च्या जानेवारीत मुंबईच्या गिरण्यांतील अडीच लाखांच्या आसपास कामगार संपावर गेले. गिरणगावाचे पुढे काय झाले ते मराठी वाचकास सांगणे नको. 1991 च्या नियमाने गिरणीच्या जमिनीचे जे वाटे शहरासाठी आणि सार्वजनिक घरांसाठी ठेवले होते, ते 2001 च्या दुरुस्तीने केवळ आधीच मोकळ्या असलेल्या जागेपुरते उरले. मार्च 2006 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती दुरुस्ती ग्राह्य धरली. कामगारांच्या घरांची तरतूद झाली हे मान्य, पण ज्यातून ती व्हावयाची तो वाटाच आक्रसला. परळच्या फिनिक्स गिरणीचे धुराडे मात्र राखले गेले. त्याच्या पायथ्याशी बाजार भरतो.

मुंबईने 1995 साली वारसा इमारतींचे नियम केले. त्यांत दर्शनी भाग, छप्पर, कमानी यांची प्रतवारी आहे; घरात कोण राहतो याला प्रत नाही. पणजीच्या फोंतेन्हसमधील रंगीत घर असो की इंदूरमधला जुना वाडा, तेथील भाडेकरूचा प्रश्न भाडेनियंत्रणाच्या कायद्यात आणि खिडकीचा प्रश्न वारसा नियमांत, अशी फाळणी आपण करून ठेवली आहे. दोन्ही अर्ज एकाच टेबलावर यावेत. जुन्या इमारतीचा वापर बदलण्याची परवानगी मागणाऱ्याने नकाशाबरोबर तेथील रहिवाशांची यादी, त्यांचा ताब्याचा काळ आणि त्यांनी स्वखर्चाने केलेल्या दुरुस्त्यांचा तपशील जोडावा, आणि त्यांचा निवाडा झाल्यावाचून खिडकीची एक झडपही बदलण्यास मंजुरी मिळू नये. यासाठी नवी यंत्रणा नको; नियमांत एक पोटकलम पुरे.